जिन्यानेच

"बसवा आत. देवाशपथ सांगतो, काही होणार नाही," लिफ्टवाला म्हणाला.

खुर्चीतल्या काकांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. सकाळी चहा घेता घेता झटका आला. डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं, उशीर करू नका. अँब्युलन्स खाली उभी होती. मध्ये सहा मजले.

शेजारी पुढे सरकेनात.

"तुझ्या कंपनीच्या शपथेला विचारतो कोण?" चौथ्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला. "तिकडे तुमची लिफ्ट कोसळून पाच माणसं गेली. मालकाने कंपनी सोडली, दंड भरला आणि घरी गेला."

"घरी कसला? तोंड तरी कुणी पाहिलंय त्याचं? कुठेतरी हवा खात असेल," शेजारचे मास्तर म्हणाले. "त्यालाच बसवा की आधी हिच्यात!"

लिफ्टवाल्याने दार उघडं धरून ठेवलं. त्या पाचांत त्याचा साडू होता. तेव्हापासून त्याला धड राग येत नसे, धड रडू येत नसे. हात तेवढे चालत. इथला दोर त्याने नवा घातला होता, ब्रेक तपासले होते, वाळूची पोती भरून लिफ्ट वरखाली नेऊन पाहिली होती. पोत्यांनंतर तिच्यात कुणी चढलं नव्हतं.

"मावशी, मी पण आत उभा राहतो. बरंवाईट झालं तर दोघांचं होईल," तो काकांच्या बायकोला म्हणाला.

मावशी काही बोलायच्या आत त्याने खुर्ची ढकलली. तसं काकांनी चांगला हात उचलून दाराची चौकट धरली. बोटं सोडवता सोडवेनात. घशातून घरघर आली, "न... न..."

"राहू दे," मावशी हळूच म्हणाल्या. "ते नाही बसायचे. जिन्यानेच न्या."

"बघ! वाचा गेली, पण अक्कल शाबूत आहे काकांची," शिंपी म्हणाला, आणि बाह्या सरसावून पुढे झाला.

एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला लिफ्टवाला. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागे. प्रत्येक मजल्यावर शिंपी मालकाला नवी शिवी हासडी. मावशी मान खाली घालून मागून उतरत होत्या. घामाने लिफ्टवाल्याची पकड निसटू लागली, तरी त्याने खुर्ची खाली टेकू दिली नाही.

अँब्युलन्समधली नर्स नाडी बघत विचारू लागली. वय किती, साखर आहे का, गोळ्या कुठल्या चालू आहेत. मावशी एकेका शब्दात उत्तरं देत होत्या. लिफ्टवाला दाराशी धापा टाकत उभा होता.

"नवीन आलात का इथे?" मावशींना धीर यावा म्हणून नर्सने विचारलं. "आधी काय करायचे काका?"

मावशींनी नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"लिफ्टची कंपनी होती यांची."