वैभववाडीची खोली

वैभववाडीची खोली विठोबाला एका नजरेत आवडली, आणि नवल म्हणजे पद्मावतीलाही आवडली.

आठ वर्षांत नवराबायकोने तीन बिऱ्हाडं बदलली होती, पण जागेबद्दल पद्मावतीने कधी तोंड उघडलं नव्हतं. "तुमका बरा वाटात ता करा," हे तिचं ठरलेलं उत्तर. या खेपेला मात्र वैभववाडीचं नाव तिनेच काढलं, खोलीचा पत्ताही तिनेच कुणाकडून तरी आणला. विठोबा खूश झाला. म्हातारपणी का होईना, बायकोला मत फुटलं.

विठोबा एसटीत वाहतूक नियंत्रक होता. सगळा जन्म शिट्टी फुंकून दुसऱ्यांच्या गाड्या सोडण्यात गेला. निवृत्त झाला आणि त्याच्याच पायाला भिंगरी लागली. भावांशी पटेना म्हणून गाव सोडलं. कणकवलीत हायवेच्या ट्रकांनी झोप उडवली. वेंगुर्ल्यात काजू भाजल्याचा धूर घशात बसला. मग मालवणात, समुद्राकाठच्या दांड्यावर, तुळसा कोळणीच्या घराच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. तिथे अंगणभर सुकत घातलेली मासळी. शिवाय शेजारी मोठ्याने बोलतात, विहिरीचं पाणी मचूळ, आणि वाटेने जाणारा प्रत्येक माणूस दारातून आत डोकावतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याला तोंडावर कुणी म्हटलं नाही. पाठीमागे सगळेच म्हणत.

प्रत्येक जागा सोडताना तो लोकांना सांगायचा, "माझा काय, मी खंयय रवतलंय. हिकाच सोसणा नाय."

आणि हे त्याला मनापासून खरं वाटे. हिचे गुडघे, हिचा खोकला, हिचा कोंडमारा. गेली दोन वर्षं पद्मावती रोज संध्याकाळी तुळसाबरोबर बसून मासळीला मीठ लावायची. भातशेतीवाल्या घरातली लेक, तिच्या नशिबी हे यावं, याचं त्याला फार वाईट वाटे. तो अंगणात आला की दोघींचं बोलणं, हसणं थांबायचं. बिचारी लाजत असेल, असं त्याला वाटे. मरायच्या आधी तिला एक धड जागा द्यायची, जिथे तिचा जीव रमेल, एवढंच आता त्याचं मागणं उरलं होतं.

वैभववाडीची खोली एकच होती, पण हवेशीर. खिडकीतून सह्याद्री दिसत होता. मालकीण काशीबाई बोलायला मोकळी. पद्मावतीने तिला बारीकसारीक सगळं विचारून घेतलं. पाणी किती वाजता येतं, डॉक्टर किती लांब, कपडे धुवायला बाई मिळेल का, जवळपास खानावळ आहे का. काशीबाईने सांगितलं की ती स्वतःच शाळेतल्या दोन गुरुजींना डबा देते. त्यावर पद्मावतीने विचारलं, मीठ कमी घालता येईल का, ह्यांना बीपी आहे.

विठोबाला हसू आलं. "तू असताना माका डबो कित्याक?"

"माणसाचा काय सांगूचा," पद्मावती म्हणाली. "माका कधी बरा नसला तर तुमी उपाशी रवशात."

त्याला गहिवरून आलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हे डोंगर जवळूनही साजरेच आहेत, असं परतीच्या एसटीत त्याने तिला तीनदा सांगितलं. मग तिच्याकडे वळून तो म्हणाला, "आता ह्या शेवटचा. ह्याच्या फुडे बिराड हलवूचा नाय. आयकलंस?"

"व्हय," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी पण आता शेवटचाच बांधतंय."

आणि तिने बांधलं ते किती निगुतीने. त्याच्या कपड्यांची ट्रंक वेगळी. औषधांच्या प्रत्येक पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. एक स्टोव्ह, एक पातेली, एक तवा. मोठी भांडी, पाटा-वरवंटा, शिलाई मशीन तिने तसंच ठेवलं. एका खोलीत इतकं कुठे मावणार, असं ती म्हणाली आणि ते त्याला पटलं. तुळसाने खोल्यांची चावी मागितली नाही. उलट मागच्या पडवीला नवे पत्रे घालायला घेतले. विठोबा मनात म्हणाला, बघा, आम्ही हललो की हिला सुचतं.

निघायच्या सकाळी वाडीतल्या विकीचा भाड्याने ठरवलेला टेम्पो दारात लागला. ज्या शेजाऱ्यांना विठोबाने दोन वर्षं शिव्या घातल्या होत्या, ते सगळे सामान चढवायला आले. कुणी आमसुलांची पुडी हातात दिली, कुणी नारळ दिले. त्याचा ऊर भरून आला. वाटलं, माणसं तशी वाईट नव्हती, जागाच वाईट.

"येतंय हां," तो एकेकाला सांगत सुटला.

"येवा, येवा मधी मधी," सगळे म्हणाले.

तो विकीच्या शेजारी चढून बसला आणि आत सरकून त्याने खिडकीकडची जागा पद्मावतीसाठी मोकळी ठेवली. तिला गाडी लागते, वारा बरा. ती पायरीवर उभी होती, घरातल्याच साडीवर.

"चल गो, उशीर होता."

पद्मावती टेम्पोपर्यंत आली. तिने त्याच्या मांडीवर औषधांची पिशवी ठेवली, बाहेरून दार लावलं आणि नीट लागलं की नाही ते ओढून पाहिलं.

"जावा," ती म्हणाली.