अर्धं बोट

डाव्या जोड्याच्या तळातली अर्धं बोट जाडी तिने सुरीने काढून टाकली आणि तिला फार बरं वाटलं. दुपारी बाबांची शोकसभा होती. हा जोडा घालून शिंपीकाका व्यासपीठावर चढणार होते. चढताना त्यांच्या कमरेतून कळ निघावी, आणि ती त्यांना पुढे मरेपर्यंत पुरावी, एवढीच तिची इच्छा होती.

शिंपीकाकांचा डावा पाय जन्मापासून आखूड. तिचे बाबा जोडे शिवायचे, आणि मित्राच्या त्या पायाची काळजी त्यांनी तरुणपणीच अंगावर घेतली होती. ती लहान असताना त्यांनी एकदा तो जोडा तिच्या हातात देऊन सांगितलं होतं, "डाव्या तळाला दोन बोटं जास्त. यात कमी पडलं ना, की आधी गुडघा जातो, मग कंबर, मग झोप." तिने ते तेव्हाच डोक्यात पक्कं ठेवलं. आज कामी आलं.

बाबांचा हात सढळ होता. शाळा उघडली की गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या पायांत त्यांनी शिवलेले बूट असत, आणि पैशांचा विषय निघाला की बाबांना नेमकं ऐकू यायचं नाही. दर वर्षी घरच्यांचे आणि तिघा बालमित्रांचे जोडे आधी व्हायचे. गिऱ्हाईक कितीही तालेवार असो, त्याने थांबायचं. "तुमचे पाय काय पळून जाणार आहेत?" असं ते तोंडावर विचारायचे.

अशा माणसाच्या पाठीत शिंपीकाकांनी सुरा खुपसला. दोघांची दुकानं एकाच भिंतीला लागून होती. मालकाला बाबांचं दुकान रिकामं करून हवं होतं. खटला कोर्टात गेला, आणि बाबा तिथे तरुणपणापासून बसतात हे सांगू शकेल असा साक्षीदार एकच होता. त्याने शपथेवर सांगितलं, हा तर गेल्याच वर्षी आला. बाबांचं दुकान गेलं, शिंप्याचं राहिलं. त्यानंतर बाबा शेवटपर्यंत घरच्या जिन्याखाली बसून जोडे शिवत होते. तिथे त्यांना धड ताठ बसताही यायचं नाही.

निकालाच्या दिवशी आई जेवली नाही. बाबा मात्र म्हणाले, "त्याच्याही घरात खाणारी तोंडं आहेत. विषय संपला." आणि रविवारी नेहमीसारखे पत्त्यांचा जोड खिशात टाकून शिंप्याकडे गेले. काकांचा वर्षाचा जोडाही कधी चुकला नाही. पुढे ती बाबांच्या हाताखाली सगळं काम शिकली, पण तो एक जोडा त्यांनी तिला करू दिला नाही. "हा माझा मी करीन," म्हणायचे. मैत्रीचा हा उमाळा पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बाबांनी एकदा तरी त्या माणसाच्या श्रीमुखात भडकवायला हवी होती. निकालानंतर काका जास्तच लंगडू लागले. वय झालं, असं लोक म्हणायचे. देवाने निदान थोडं तरी मनावर घेतलं, असं तिला वाटायचं.

बाबा गेल्यावर काका घरी येऊन लहान मुलासारखे रडले. जाताना दारात थांबून म्हणाले, "सभेला नवा जोडा घालीन म्हणतो. करशील? नमुन्याला जुना आणून देऊ का?"

"कशाला? तुमच्या पायाचा लाकडी साचा आहे की भिंतीवर," ती म्हणाली. इतक्या गोड आवाजात म्हणाली, की आईने चमकून तिच्याकडे पाहिलं.

सभागृह भरलं होतं. बाबांचा दुसरा मित्र, गवंडी, बोलायला उभा राहिला. त्याला फार काही बोलता येईना. "त्याच्या मनात कुणाबद्दल कधी अढी राहिली नाही," एवढं म्हणून तो डोळे पुसत खाली उतरला. लोकांनी माना डोलावल्या. लगतच्या खोलीत शिंपीकाका नव्या जोड्याची नाडी बांधत होते. ते उठले आणि दोन-चार पावलं चालले. त्यांचे ओठ घट्ट मिटले गेले. ते भिंतीपर्यंत जाऊन परत आले. ती दाराला टेकून प्रत्येक पाऊल पाहत होती, आणि खोटं कशाला बोला, तिला मजा येत होती.

"छान झालाय," काका म्हणाले. "अगदी त्याच्याच हातचा वाटतो."

ते ऐकलं आणि तिचा संयम सुटला. गुपचूप सूड घ्यायचा असं तिने ठरवलं होतं. पण ज्याला कळतच नाही, त्याच्यावर सूड घेऊन उपयोग काय?

"बाबा दोन बोटं द्यायचे," ती म्हणाली. "मी दीडच ठेवलीत. मुद्दाम. तुम्ही कोर्टात जे बोललात ना, त्याबद्दल. रोज दुखलं पाहिजे तुम्हाला."

सभागृहातून कुणीतरी काकांना बोलवायला आलं. त्यांनी हात वर करून त्याला थांबायला सांगितलं आणि वाकून डाव्या जोड्याची नाडी आणखी आवळली.

"दीडच असतात, पोरी," ते म्हणाले. "त्या साक्षीनंतर तुझ्या बापाने मला कधी दोन दिली नाहीत."