दुसऱ्या तळ्याचा घास

या, असे जवळ सरकून बसा. एका हट्टी मावशीची गोष्ट सांगते.

ही मावशी मत्स्यशेतीवर माशांना खाद्य घालायची. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही तळ्यांतले मासे मलूल होऊन पटापट मेले, म्हणून यंदा संशोधक मॅडमनी द्राक्षबियांचा अर्क आणला. त्यात अँटिऑक्सिडंट असतं म्हणे, उन्हाचा ताण सोसायला बळ देतं.

"पण मावशी, अर्क फक्त पहिल्या तळ्याच्या खाद्यात. दुसऱ्याला कोरडंच घाला, म्हणजे फरक कळेल."

"शेजारी शेजारी बसवायचं आणि एकालाच वाढायचं? हा पंक्तिप्रपंच बरा नाही हो, मॅडम."

"अहो, हा प्रयोग आहे, पंगत नाही!"

उन्हाळा सरला. दोन्ही तळ्यांत मासे सारखेच तुकतुकीत, सारखेच उड्या मारणारे. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"काडीचाही फरक नाही. म्हणजे यंदा हवाच बरी होती. अर्क कुचकामी, उद्यापासून बंद."

मावशी पेचात पडली. बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर माशांचा अर्क जाणार. तिने बादली खाली ठेवली आणि मॅडमच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली.



"अर्क अर्धा अर्धा करून दोन्ही तळ्यांना घातलाय मी. मला खुशाल काढा, पण त्यांच्या तोंडचा घास काढू नका!"

मॅडमनी मावशीला काढलं, अर्क ठेवला. बाबांनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा तिचीही आठवण ठेवा.