कोपरा राहू द्या

पती अच्युतराव वारून पंधरवडा झाला, तरी वसुमतीने त्याआधी नुकताच मांडलेला ‘गो’ या पटावरच्या खेळाचा डाव आवरला नव्हता. रोज सकाळी चहाच्या वेळी दोघं पटावरच्या रिकाम्या जागी एकेकच सोंगटी ठेवत; काळी तिची, पांढरी त्यांची.

“इतक्यात कोपऱ्यात भांडायला येऊ नकोस,” ते म्हणायचे. “आत्ताच जुंपली तर डाव लवकर आटोपेल.”

न सांगता निघून गेलेल्या त्या माणसावर चिडून आज तिने काळी सोंगटी थेट कोपऱ्यातल्या पांढरीला भिडवली. “आता तरी भांडा!” म्हणाली आणि चहा आणायला आत गेली.

घरात दुसरं कोणी नव्हतं. परतली तेव्हा पटावर एक पांढरी सोंगटी वाढली होती. कोपऱ्यात नाही, पार पलीकडे, मोकळ्या बाजूला.

मग खाली बसून ती पटावरच्या रिकाम्या जागा मोजू लागली. अजून कितीतरी सकाळी शिल्लक होत्या.