आधी माझ्याकडे बघायचं

"बाळाचा चांदीचा खुळखुळा कुठे गेला?" बारशाच्या गडबडीत पुतणीने विचारलं, आणि सगळे गाद्या उचलून शोधू लागले. वत्सलाकाकूंना शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या झब्ब्याच्या खिशातून बारीकशी किणकिण ऐकू आली.

मेंदूच्या ऑपरेशननंतर काकांना बरं-वाईट कळेनासं झालं होतं. "शिकवत राहा, मेंदू पुन्हा शिकतो," असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून काकूंनी त्यांना एक सवय लावली होती: चूक की बरोबर कळलं नाही, की आधी माझ्याकडे बघायचं.

"काका, तुम्ही पाहिलात का हो?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. पुतणीच्या सासरची माणसं दारापर्यंत बसली होती. काकूंनी हळूच नकारार्थी मान हलवली.

"नाही," काका म्हणाले, आणि शाबासकीची वाट बघत काकूंकडे पाहत राहिले.