कायमचा मुक्काम

वकीलबाई म्हणाल्या, “कायम राहायचा परवाना मिळेल, पण निकालापर्यंत देश सोडायचा नाही. मग लेकीलाही आणता येईल. विचार करा.” शिलाईवालीनं जिन्यात बसून घरी फोन लावला. कित्येक वर्षांपूर्वी तान्ह्या लेकीला बहिणीच्या ओटीत घालून ती परक्या मुलखात आली होती. फोन लेकीनंच उचलला. “येशील माझ्याकडे राहायला? तुझ्यासाठी खिडकीजवळ पलंग लावलाय,” तिनं भीतभीत विचारलं. “तुम्ही म्हणाल तसं,” लेक अदबीनं म्हणाली आणि मागं वळून तिनं मावशीला हाक मारली, “आई, तूच बोल ना गं यांच्याशी.” “मी समजावते तिला,” बहीण फोन घेऊन म्हणाली. “असू दे,” म्हणत शिलाईवालीनं फोन ठेवला, डोळे पुसले आणि आत जाऊन सांगितलं, “करा अर्ज.” “म्हणजे लेक येतेय?” वकीलबाईंनी विचारलं. “नाही. पण परत तरी आता कुणाकडे जाऊ?”