आवणीचं गाणं

"दोन्ही कानांत गच्च बसवा, ताई. हॉलचा घुमारा कानात शिरला ना, तर ताल गेलाच म्हणून समजा," साउंडवाले साईदादा म्हणाले. वेदिकाने इअरफोन बोटाने आत दाबले आणि सातपूरच्या त्या हॉलमधला सगळा कलकलाट बंद झाला.

कर्णबधिर मंडळाचं वार्षिक संमेलन होतं. पुढच्या चार रांगांत ऐकू न येणारी मंडळी, मागे त्यांचे ऐकणारे नातेवाईक. पुढच्या प्रत्येकाच्या हातात एकेक फुगा दिलेला. फुगा दोन तळव्यांत धरला की स्पीकरमधला ठेका हातांना कळतो. बाकीचं गाणं वेदिका हातांनी सांगणार होती.

वेदिकाला चांगलं खणखणीत ऐकू येतं. पण तोंडाने बोलायच्या आधी ती हातांनी बोलायला शिकली, कारण घरात अण्णा होते. तिचे वडील, जयराम. मूळचे हरसूलकडच्या पाड्यावरचे, जन्मापासून कर्णबधिर. तीस वर्षं त्यांनी कारखान्यात प्रेस मशीनवर काढली. तिथे भल्याभल्यांचे कान जायचे. माझं काय जाणार होतं, असं अण्णा हातांनी सांगायचे आणि स्वतःच पोट धरून हसायचे.

एका गोष्टीला मात्र ते हसत नसत. लहानपणी आवणीच्या दिवसांत ते बांधावर बसून बघायचे. चिखलात ओणव्या बायका भाताची रोपं लावताहेत, पुढे अण्णांची आई अक्काबाई, आणि सगळ्यांची तोंडं एकदम हलताहेत. पोराला वाटायचं, बायका रोपं मोजताहेत. त्या मोजत नव्हत्या, गात होत्या, हे कळायला पंचविशी उजाडली. तेव्हापासून एकच प्रश्न. आई काय म्हणायची? वेदिकाने दहादा शब्द सांगितले असतील. अण्णा दर वेळी नाही म्हणून मान हलवायचे. शब्द नको होते त्यांना, गाणं हवं होतं.

अक्काबाई जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधी वेदिकाने तिचं गाणं मोबाइलवर भरून घेतलं होतं. "लय फुटका झाला आवाज. काय करशील त्याचं, पोरी?" म्हातारीने विचारलं होतं. तेव्हा वेदिकालाही ठाऊक नव्हतं. आज ठाऊक होतं. साईदादांनी त्या आवाजाखाली ढोलाचा ठेका घातला होता, आणि अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. आजही त्यांनी मान हलवली, तर वेदिकाकडे दुसरं गाणं नव्हतं.

दिवे मंद झाले. ढोल वाजला. पुढच्या चार रांगांतले फुगे एकदम थरथरले आणि माना डोलू लागल्या. कानात अक्काबाई गाऊ लागली.

राबातून उपटलं, खाचरात लावलं.

वेदिका वाकली. बोटांनी रोप उपटलं, चिखल झटकला, रोप लावलं. पुढच्याच ओळीला रोपाची नवरी झाली, चिखलाची सासरची वाट झाली. तशीच मी बाई, तशीच मी. घोटून घोटून बसवलेले हात आता तिला न विचारता चालत होते.

तेवढ्यात अण्णांनी हातातला फुगा न्याहाळला, उलटा करून पुन्हा न्याहाळला, आणि चक्क खुर्चीखाली सरकवला. शेजारच्यांनीही फुगे खाली ठेवले. वेदिकाचं काळीज सुपाएवढं झालं. ठेका सोडून माणसं गाण्याकडे आली होती!

मागच्या रांगांकडे बघितलं, तर तिकडे कुणी हलत नव्हतं. मघापासून मोबाइलमध्ये डोकं घातलेला एक जण मान वर करून टक लावून बघत होता. सगळे जिवाचा कान करून बसलेले. आणि अगदी मागे, टेबलाशी, साईदादा दोन्ही हात उंच करून जोरजोराने हलवत होते.

कर्णबधिरांच्या टाळ्या अशाच असतात, हात वर करून पंजे हलवायचे. साईदादा हेही शिकले? आणि गाणं अर्ध्यात असतानाच टाळ्या? वेदिकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती त्यांच्याकडे बघून हसली आणि दुप्पट जोमाने पुढच्या कडव्यात शिरली. साईदादा आणखी जोरात हात हलवू लागले, मग कुठेतरी पळाले.

शेवटच्या ओळीला तिने खाचरभर वारा सोडला. रोपं डोलली, आणि त्यांच्यात उभी असलेली नवरीही डोलली. गाणं संपलं.

पुढच्या चार रांगांचे हात एकदम वर गेले. मग मागचेही सगळे. इतक्या माणसांत एकानेही टाळी वाजवली नाही, सगळे हातच हलवत होते. वेदिकाने इअरफोन काढले आणि धावतच खाली आली. अण्णांचे डोळे गळत होते. मान हलत नव्हती.

"ताई, माफ करा!" साईदादा धापा टाकत आले. "पहिल्या ओळीलाच स्पीकरची वायर सुटली, आवाज गेला. थांबा, थांबा म्हणून मी हात हलवतोय, आणि तुम्ही आपल्या हसताय! हॉलमध्ये एक अक्षर ऐकू आलेलं नाही."

वेदिका मटकन खुर्चीवर बसली. म्हणजे अक्काबाई तिच्या एकटीच्याच कानात गात होती. एवढ्या दिवसांची मेहनत गेली, आजीचा आवाज कुणापर्यंत पोचलाच नाही.

काय म्हणतात ते, अण्णांनी हातांनी विचारलं. आवाज बंद पडला होता, तिने रडवेल्या हातांनी सांगितलं, गाणं कुणालाच ऐकू आलं नाही.

अण्णांनी खुर्चीखालचा फुगा उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि डोळे पुसून सावकाश हात चालवले.

"फुगा गप्प झाला ते मला कळलं. म्हटलं, ढोलवाला थांबला. बरं झालं, आता आई एकटी गातेय."